ब्लास्ट रोगाला तोंड देणारा गहू कसा घडवावा : पैदासकारासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

गव्हावरील ब्लास्ट रोगाची पहिली नोंद १९८५ साली ब्राझीलच्या पाराना राज्यात झाली. तेथून तो बोलिव्हिया, पॅराग्वे आणि अर्जेंटिनापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बांगलादेशात उतरला आणि त्या एका हंगामात सुमारे १५,००० हेक्टर गहू त्याच्या तडाख्यात सापडला. त्यानंतर २०१८ मध्ये झांबियातही तो आढळला. हा रोग ओंबीवर इतक्या झपाट्याने येतो की लक्षणे दिसल्यावर फवारणी करून फारसे काही हाती लागत नाही. दक्षिण अमेरिकेतील बुरशीने स्ट्रोबिल्युरिन गटातील औषधांनाही प्रतिकार निर्माण केला आहे. त्यामुळे बियाण्यातच प्रतिकारशक्ती असलेला वाण हा या रोगावरील सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो, आणि तो वाण घडवण्याची रीत या लेखात क्रमाने मांडली आहे. ‘करपा’ हे नाव गव्हाच्या पानांवरील दुसऱ्या एका रोगालाही वापरले जाते, म्हणून गोंधळ टाळण्यासाठी येथे ‘ब्लास्ट’ हाच शब्द ठेवला आहे.

पहिला टप्पा : रोग आणि त्याची बुरशी नेमकी ओळखणे

हा रोग मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीच्या ट्रिटिकम या उपप्रकारामुळे होतो. भातावरील ब्लास्ट याच प्रजातीच्या बुरशीने होतो, परंतु तिचा उपप्रकार वेगळा आहे. भातावरून गोळा केलेली बुरशी वापरून गव्हाची चाचणी घेतली, तर जवळजवळ सर्वच वाण चांगले दिसतील आणि सगळी मेहनत वाया जाईल. म्हणून चाचणीसाठी वापरायची प्रत्येक बुरशी रोगट गव्हाच्या ओंबीच्या मधल्या दांड्यापासून वेगळी करावी, एकाच बीजाणूपासून तिची शुद्ध वाढ तयार करावी आणि एमओटी३ या डीएनए मार्करने, म्हणजे जनुकीय खुणेने, तिचा उपप्रकार तपासून घ्यावा. मूळ वाढ गाळणकागदाच्या तुकड्यांवर वाळवून थंड जागी साठवावी आणि दर हंगामात त्या मूळ साठ्यातूनच नवी वाढ काढावी. प्रयोगशाळेतील अन्नमाध्यमावर पुन्हापुन्हा वाढवत नेलेली बुरशी आपली रोगकारक शक्ती हळूहळू गमावते, आणि दुबळ्या बुरशीने घेतलेल्या चाचणीत कोणताही वाण प्रतिकारक भासतो.

शेतात ब्लास्टग्रस्त ओंबीचा वरचा भाग पांढरा पडतो, तर खालचा भाग हिरवा राहतो. जेथे पांढरेपणा सुरू होतो, तेथे दांड्यावर राखाडी ते काळसर डाग सापडतो. बुरशी त्या ठिकाणी अन्नपाण्याचा मार्ग बंद करते, म्हणून त्यावरचे दाणे सुरकुततात किंवा भरतच नाहीत. फ्युजारियममुळे होणाऱ्या ओंबीच्या रोगातही ओंबी पांढरी पडते, परंतु दमट हवेत तिच्यावर गुलाबी ते नारिंगी बीजाणूंची झाक दिसते. खोडकिडीनेही ओंबी पांढरी होते, पण ती पूर्ण ओंबी असते आणि ओढताच सहज हातात येते. निरीक्षण करणाऱ्या प्रत्येकाला या तिन्हींमधील फरक शेतात प्रत्यक्ष दाखवून द्यावा, कारण नोंदवहीत एकदा चुकीची शिरलेली ओंबी नंतर कोणत्याही गणिताने बाहेर काढता येत नाही.

दुसरा टप्पा : प्रतिकारशक्तीचे स्रोत निवडणे

आज जगभर ब्लास्टविरोधी पैदाशीचा मुख्य आधार २एनएस नावाचा गुणसूत्रखंड आहे. हा तुकडा गव्हाचा मूळचा नाही. एजिलॉप्स व्हेंट्रिकोसा या रानटी गवतातून तो व्हीपीएम१ या फ्रेंच वाणामार्फत गव्हाच्या २ए गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आला. त्यावर तांबेऱ्याच्या तीन प्रकारांविरुद्धची वायआर१७, एलआर३७ आणि एसआर३८ ही जनुके आहेत. सुरुवातीला तो तांबेऱ्यासाठी वापरला जात होता, ब्लास्टविरुद्धचा त्याचा उपयोग नंतर ध्यानात आला. आंतरराष्ट्रीय मका आणि गहू सुधार केंद्राच्या, म्हणजे सिमिटच्या, मिलान या ओळीतून, म्हणजे पैदाशीत तयार झालेल्या एकसारख्या रोपांच्या वंशातून, तो अनेक वाणांत पसरला. बांगलादेशाने २०१७ मध्ये प्रसारित केलेल्या बारी गोम ३३ या वाणाची प्रतिकारशक्तीही याच खंडावर उभी आहे.

पैदासकाराने येथे थांबून नीट विचार करावा, असे मला कळकळीने वाटते. २एनएस हा पूर्ण प्रतिकार देत नाही. एका चाचणीमालिकेत त्याने ओंबीवरील रोग ५०.४ ते ७२.३ टक्क्यांनी कमी केला, आणि हा परिणामही तो कोणत्या वाणात बसवला आहे त्यावर अवलंबून राहिला. काही वाणांत तो असूनही रोग बराच येतो. त्यातच दक्षिण अमेरिकेतील काही नव्या, आक्रमक बुरशींनी त्याचा प्रभाव कमी केल्याचे दिसून आले आहे. सिमिटच्या बहुसंख्य नव्या ओळींमध्ये आता हाच एक खंड असल्याने, तो ढासळला तर अनेक देशांतील वाण एकाच वेळी उघडे पडतील. तरीही त्याला सोडून देणे शहाणपणाचे नाही. तो पाया म्हणून घ्यावा आणि त्यावर दुसरे काय चढवायचे, हे संकर करण्यापूर्वीच ठरवावे.

दुसऱ्या थराच्या शोधात आरएमजी या नावाने क्रमांकित केलेली जनुके समोर येतात. आरएमजी२ आणि आरएमजी३ ही जनुके रोपावस्थेत काम करतात, पण ओंबीवर ती टिकत नाहीत आणि तापमान वाढले की त्यांचा जोर ओसरतो. ब्लास्ट हा उष्ण आणि दमट हवेत ओंबीवर येणारा रोग असल्याने प्रत्यक्ष पैदाशीत त्यांचा उपयोग फारसा होत नाही. टेट्राप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेल्या, एमर गव्हातील आरएमजी७ रोप आणि ओंबी या दोन्ही अवस्थांत काम करते, परंतु २६ अंश सेल्सिअसला तेही निष्प्रभ होते. एस-६१५ या जुन्या वाणात सापडलेले आणि २बी गुणसूत्रावर असलेले आरएमजी८ मात्र या तापमानातही टिकते. अल्बानियातील जीआर११९ या स्थानिक वाणात आरएमजी८ सोबत आणखी एक जनुक आढळले असून त्या जोडीचा प्रतिकार एकट्या आरएमजी८ पेक्षा बळकट आहे.

या ठिकाणी एक फसगत होण्याचा संभव आहे. कागदावर आरएमजी७ आणि आरएमजी८ अशी दोन जनुके दिसली की ती एकत्र करण्याचा मोह होतो. परंतु ही दोन्ही जनुके बुरशीचा एकच घटक, एव्हीआर-आरएमजी८, ओळखतात. बुरशीने तो घटक बदलला किंवा झाकला, तर दोन्ही कुलुपे एकाच किल्लीने उघडतात. काही बुरशींमध्ये पीडब्ल्यूटी४ नावाचे जनुक असते आणि ते आरएमजी८ कडून होणारी ओळख दाबून टाकते, हेही प्रयोगांतून स्पष्ट झाले आहे. म्हणून जनुकांची जोडी निवडताना त्यांची संख्या न पाहता त्यांची काम करण्याची पद्धत वेगळी आहे का, हे पाहावे. या कसोटीवर २एनएस अधिक आरएमजी८ ही आज हाताशी असलेली सयुक्तिक जोडी आहे. बांगलादेश आणि झांबियात पोहोचलेली बुरशी एकाच वंशाची आहे आणि आरएमजी८ तिला ओळखू शकते, ही या जोडीच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. २०२४ मध्ये असेही सिद्ध झाले की आरएमजी८ हे भुरीविरुद्धच्या पीएम४ या जनुकाचेच एक रूप आहे, त्यामुळे एका निवडीत दोन रोगांचा विचार साधता येतो.

मोठ्या जनुकांच्या जोडीला लहान परिणामांचे अनेक जनुकीय भाग असलेल्या, २एनएस नसलेल्या काही ओळीही संकरात घ्याव्यात. त्यांचा प्रतिकार डोळ्यांत भरत नाही, पण तो एका फटक्यात मोडतही नाही.

तिसरा टप्पा : संकर आणि पिढ्या

आवर्ती जनक म्हणून, म्हणजे ज्याच्याशी पुन्हापुन्हा संकर करायचा तो पालक म्हणून, लागवडीखालील, उत्पादनक्षम आणि दाण्याची प्रत चांगली असलेला वाण घ्यावा. पोटरीतून नुकत्याच निसवलेल्या आणि हिरवे परागकोश असलेल्या ओंबीवर काम करावे. वरचे आणि खालचे स्पाइकलेट, म्हणजे दांड्याच्या दोन्ही बाजूंना लागणारे फुलांचे झुबके, कापून टाकावेत. उरलेल्या प्रत्येक झुबक्यातील मधली फुले काढून कडेची दोन फुले ठेवावीत आणि प्रत्येक फुलातील तिन्ही परागकोश चिमट्याने काढून ओंबी कागदी पिशवीने झाकावी. दोन ते चार दिवसांनी स्त्रीकेसर पिसासारखे उमलले की ताजे पराग द्यावेत.

२एनएस आणि आरएमजी८ वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने ते स्वतंत्रपणे वाटले जातात, आणि त्यामुळे किती रोपे लागतील याचा हिशेब आधीच करता येतो. दोन्ही खंड असलेल्या रोपाचा आवर्ती जनकाशी पुन्हा संकर केल्यास संततीतील दर चार रोपांपैकी सरासरी एकात दोन्ही खंड येतात. असे किमान एक रोप मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ११ रोपे पुरतात. स्वपरागित दुसऱ्या पिढीत मात्र दोन्ही जनुके शुद्ध स्वरूपात, म्हणजे प्रत्येकी दोन्ही प्रतींत, असलेले रोप १६ पैकी एक असते, म्हणजे त्याच खात्रीसाठी ४७ रोपे लागतात. तिसरे जनुक जोडले की हा आकडा १९१ वर जातो. डबल हॅप्लॉइड पद्धतीत, म्हणजे एकेरी गुणसूत्रसंच दुप्पट करून एकदम शुद्ध ओळी मिळवण्याच्या पद्धतीत, तीन जनुकांसाठी २३ ओळी पुरतात, म्हणून ती सोय उपलब्ध असेल तर जनुके रचण्याच्या कामात ती अवश्य वापरावी. हे सर्व आकडे केवळ एक रोप मिळण्याचे आहेत. उत्पादन, उंची आणि दाणा यांसाठी निवडीला वाव हवा असल्यास याच्या पाच ते दहा पट रोपे वाढवावीत.

आवर्ती जनकाचा जनुकीय वाटा पहिल्या पुनर्संकरानंतर सरासरी ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५ टक्के आणि तिसऱ्यानंतर ९३.७५ टक्के होतो. माझ्या मते दोन पुनर्संकरांवर थांबून निवड सुरू करणे बहुतेक वेळा हितकर असते. जुना वाण हुबेहूब परत मिळवण्यात गेलेली वर्षे पाहता, त्या काळात उत्पादनाची पातळी पुढे सरकलेली असते.

मार्करची निवड पिढीनुसार बदलावी. २एनएससाठीच्या व्हेंट्रिअप-एलएन२ या मार्करची २५९ बेसजोड्यांची पट्टी फक्त खंड असेल तेथेच उमटते. पुनर्संकरात ‘आहे की नाही’ एवढेच कळणे पुरेसे असते, म्हणून तेथे तो उत्तम चालतो. दुसऱ्या पिढीत मात्र तो शुद्ध आणि मिश्र रोपांत भेद दाखवत नाही, म्हणून तेथे दोन्ही रूपे वेगळी दाखवणारा कास्प मार्कर घ्यावा. दर संचात खंड असलेल्या आणि नसलेल्या ज्ञात वाणांचे डीएनए नमुने बरोबर चालवावेत, कारण अयशस्वी अभिक्रिया आणि खंड नसणे ही दोन्ही या मार्करवर सारखीच, म्हणजे रिकामी, दिसतात.

पिढ्या लवकर पुढे नेण्यासाठी दिवसाला २२ तास प्रकाश देणारी स्पीड ब्रीडिंगची पद्धत वापरल्यास वसंती गव्हाच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात. ही सोय पिढ्या पुढे नेण्यापुरतीच ठेवावी. त्या कृत्रिम वातावरणात ओंबीवरील रोगाचा निवाडा करू नये.

चौथा टप्पा : ओंबीवरची चाचणी

संपूर्ण कार्यक्रमाचे यश या टप्प्यावर ठरते. रोपावस्थेतील चाचणी स्वस्त आणि जलद असते, परंतु तिचा निकाल ओंबीवरील निकालाशी दरवेळी जुळत नाही. म्हणून रोपचाचणीचा उपयोग अगदी बळी पडणाऱ्या ओळी वगळण्यापुरता करावा आणि अंतिम निर्णय ओंबीवरच घ्यावा.

ज्या प्रदेशात हा रोग नाही, तेथे चाचणीसाठी जिवंत बुरशी कधीही आणू नये. ही अट कोणत्याही सबबीखाली सैल करता येणार नाही, कारण एका निष्काळजी कुपीची किंमत संपूर्ण प्रदेशाला मोजावी लागेल. त्याऐवजी विलगीकरणाचे नियम पाळून बियाणे रोगग्रस्त भागातील चाचणीकेंद्रांकडे पाठवावे. बांगलादेशातील जशोर आणि बोलिव्हियातील किरुसियास व ओकिनावा येथे अशी केंद्रे चालतात. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या महिन्यांत आणि बुरशीच्या वेगवेगळ्या समूहांसमोर टिकणारी ओळ एकाच ठिकाणच्या विजेत्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

चाचणीची आखणी करताना रोगाला नेमके काय हवे असते, ते ध्यानात ठेवावे. त्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ओंबी सलग २५ ते ४० तास ओली राहील असा दमटपणा हवा असतो. जशोरला डिसेंबरमध्ये उशिरा पेरणी करून निसवणीचा काळ मुद्दाम उबदार दिवसांत ढकलला जातो. प्रत्येक ओळ एक मीटर लांबीच्या जोडओळीत पेरावी आणि सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने दुसरी पेरणी करावी, म्हणजे लवकर आणि उशिरा फुलणाऱ्या दोन्ही प्रकारच्या ओळींना रोगाचा सारखा सामना करावा लागतो. कडेने आणि मधूनमधून बळी पडणाऱ्या वाणांच्या ओळी लावाव्यात. बारी गोम २६ हा बळी पडणारा आणि बारी गोम ३३ हा प्रतिकारक तुलना वाण म्हणून तेथे वापरला जातो. ठरावीक अंतराने हे तुलना वाण पुन्हा पेरल्यास शेतात रोगाचा दाब कोठे कमी-जास्त आहे, तेही कळते.

प्रत्येक ओळीत फुलोऱ्याच्या दिवशी दहा ओंब्यांना खुणेची चिठ्ठी बांधावी. तारीख ओळीनुसार वेगळी असेल, आणि ती तशीच असली पाहिजे. संपूर्ण शेतावर एकाच दिवशी फवारणी करून मोकळे होणे सोपे वाटते, पण त्यामुळे अर्ध्या ओळी पोटरीत असतात आणि बाकीच्यांचे दाणे चिकात आलेले असतात. बीजाणूंचे द्रावण मिलिलिटरला सुमारे ८०,००० बीजाणू या प्रमाणात, थोडे ट्वीन २० हे द्रावण पसरवणारे रसायन मिसळून तयार करावे. ते फुलोऱ्याला एकदा आणि दोन दिवसांनी पुन्हा, शक्यतो संध्याकाळी फवारावे. एकापेक्षा अधिक बुरशींचे मिश्रण घ्यावे. दिवसभर, साधारण सकाळी ८ ते संध्याकाळी ७, दर तासाला दहा मिनिटे सूक्ष्म तुषार सोडून ओंब्या ओल्या ठेवाव्यात. तुषारांची एक नळी बुजली तरी त्या पट्ट्यातील ओळी उगाच चांगल्या ठरतात, म्हणून रोज सकाळी प्रत्येक नळी पाहण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे.

पाचवा टप्पा : मोजणी आणि निकालाचा अर्थ

पहिल्या फवारणीनंतर २१ दिवसांनी खुणेच्या दहा ओंब्यांतील एकूण आणि रोगग्रस्त स्पाइकलेट मोजावेत. रोग आलेल्या ओंब्यांचे प्रमाण गुणिले त्या ओंब्यांतील रोगग्रस्त स्पाइकलेटचे सरासरी प्रमाण, हा रोगनिर्देशांक होय. दहापैकी सहा ओंब्यांवर रोग असेल आणि त्या सहांमध्ये सरासरी ४० टक्के झुबके गेले असतील, तर निर्देशांक २४ टक्के येतो. हे दोन घटक वहीत स्वतंत्रही नोंदवावेत. दांड्याच्या तळाशी झालेला एकच संसर्ग संपूर्ण ओंबी पांढरी करतो, तर शेंड्याजवळचा संसर्ग चार-पाच झुबकेच घेतो. त्यामुळे तीव्रतेचा आकडा योगायोगाने फार हलतो आणि पुनरावृत्तीशिवाय त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

निकाल वाचताना खरा प्रतिकार आणि निसटणे यांत भेद करावा. एखादी ओळ थंड आठवड्यात फुलली म्हणून वाचली असेल, तर तिच्यात प्रतिकार आहे असे म्हणता येणार नाही. फुलोऱ्याला लागलेले दिवस आणि झाडाची उंची दोन्ही नोंदवून विश्लेषणात सहचल म्हणून, म्हणजे ज्यांचा परिणाम हिशेबातून वेगळा काढायचा असे घटक म्हणून, घ्यावीत. फुलोऱ्याच्या काळातील तापमान आणि दमटपणाही तारखेनुसार जवळ असावा. ज्या पेरणीत बळी पडणाऱ्या तुलना वाणावर पुरेसा रोग आला नाही, त्या पेरणीचा निकाल बाजूला ठेवावा. किमान दोन हंगामांत आणि दोन ठिकाणी कमी निर्देशांक टिकवणाऱ्या ओळीच पुढे न्याव्यात.

निवडीत २एनएस असलेल्या ओळी आपोआप वर येतील. येथे माझा आग्रह असा की २एनएस असलेल्या आणि नसलेल्या ओळींचे दोन गट करून प्रत्येक गटातील उत्तम ओळी वेगळ्या निवडाव्यात. एकाच यादीत क्रम लावला तर लहान परिणामांची मौल्यवान जनुके दरवर्षी कचऱ्यात जातात. संपूर्ण जनुकसंचावर आधारित निवड वापरतानाही हीच काळजी घ्यावी, अन्यथा त्या निवडीचे गणिती प्रारूप २एनएसची उपस्थिती वेगळ्या नावाने सांगण्यापलीकडे जात नाही.

सहावा टप्पा : प्रसारण आणि त्यानंतरची राखण

उत्पादन, तांबेरा, दाण्याची प्रत आणि उष्णता सोसण्याची ताकद यांच्या बहुस्थानी चाचण्या नेहमीप्रमाणे घ्याव्यात. शेतकरी केवळ ब्लास्टसाठी वाण बदलत नाही. बारी गोम ३३ मध्ये प्रतिकारासोबत दाण्यातील जस्ताचे प्रमाणही वाढवलेले होते. भारतात डीबीडब्ल्यू १८७, डीबीडब्ल्यू २५२ आणि एचडी ३२४९ यांसारखे वाण सीमावर्ती भागासाठी पुढे आले. एकाच प्रदेशात एकच प्रतिकारक वाण पसरवण्याऐवजी वेगवेगळी प्रतिकारशक्ती असलेले तीन-चार वाण एकाच वेळी बियाणेसाखळीत ठेवावेत.

हा रोग बियाण्यातूनही पसरतो, म्हणून पैदासकार बियाण्याचे, म्हणजे वाणाच्या मूळ शुद्ध बियाण्याचे, प्लॉट रोगमुक्त भागात आणि निसवणीच्या काळात कोरडी हवा असणाऱ्या ठिकाणी घ्यावेत. बियाण्याच्या प्रत्येक साठ्यातून नमुने काढून बुरशीची तपासणी करावी आणि दोन्ही जनुकखंडांचे मार्करही पुन्हा तपासावेत, कारण बियाणेवाढीत मिसळलेली थोडी परकी रोपे काही हंगामांत मोठा वाटा व्यापतात.

वाण शेतात गेल्यावर दर हंगामात रोगग्रस्त भागातून बुरशीचे नमुने गोळा करावेत आणि तीन गोष्टी पाहाव्यात : एव्हीआर-आरएमजी८ हा घटक मूळ रूपात आहे का, पीडब्ल्यूटी४ त्या बुरशीत शिरले आहे का, आणि २एनएस असलेल्या वाणावर ती पूर्वीपेक्षा अधिक रोग घडवते का. झांबियातील गव्हाची बुरशी नाचणीवरील बुरशीशी प्रयोगशाळेत लैंगिक संकर करू शकते, असे आढळले आहे. म्हणून नमुने घेताना आसपासच्या नाचणीवरील आणि गवतांवरील डागही गोळा करावेत. या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बदलले, तर लहान परिणामांच्या ज्या ओळी पाचव्या टप्प्यात वेगळ्या जपून ठेवल्या होत्या, त्यांच्याशी त्याच हंगामात नवे संकर सुरू करावेत.